तीन नारिंगी पट्टे

आमच्याकडं माणसाला गप्प करायचं असलं की त्याला शाल पांघरतात. शिवी दिली तर माणूस उलटून बोलतो. हाकललं तर चार लोक त्याच्या बाजूनं उभे राहतात. शाल मात्र अशी चीज आहे की खांद्यावर पडली की माणूस हात जोडतो आणि आपल्याच पायानं स्टेज उतरतो. यंदा आमच्या गावच्या जयंती समितीनं जाईबाईला शाल द्यायचं ठरवलं. ठरावात लिहिलं होतं की वयोमानानुसार आवाज गेल्यामुळं ज्येष्ठ गायिका जाईबाई यांचा यथोचित सत्कार करून त्यांना विश्रांती देण्यात यावी.

विश्रांती तिनं मागितली नव्हती. चौदाव्या वर्षापासून एकाहत्तराव्या वर्षापर्यंत गावची एकही जयंती तिच्या आवाजाशिवाय झाली नाही. ज्या वर्षी नवरा गेला त्या वर्षीसुद्धा ती गायली, आणि ठराव लिहिणारे तेव्हा पाळण्यात होते. पण ठराव म्हणजे ठराव. एकमतानं पास. एकमत म्हणजे रणधीरचं मत, कारण समितीत मत असलेला माणूस तो एकटाच.

रणधीर नऊ वर्षं अध्यक्ष आहे. शेजारच्या अणदूरचा खंडोबासुद्धा वर्षातले काही महिने मुक्काम हलवून नळदुर्गाला जातो. आमचा अध्यक्ष हलत नाही. तुळजापुरात त्याचं साउंड सिस्टीमचं दुकान आहे, स्पीकरचे चोवीस डबे, दोन मिक्सर आणि लाईटचा एक टेम्पो. त्याचं सगळं ध्वनिशास्त्र एका शब्दात मावतं: फुल्ल. बटण दिसलं की फुल्ल. बटण आहेच कशाला, असं तो विचारतो, आणि समोरच्याला उत्तर ऐकू जात नाही, कारण बटण फुल्ल असतं.

मी पौर्णिमा. धाराशिवला एसटी स्टँडच्या मागं माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर अजून माझ्या वडिलांचं, आबांचं नाव आहे, श्रीपती रेडिओ. आबांना जाऊन सहा वर्षं झाली. मी सोल्डर हातात घेऊन बसलेली असते आणि गिऱ्हाईक विचारतं, मिस्त्री कुठं गेलेत? पहिली दोन वर्षं मी सांगायची की मीच मिस्त्री. आता सांगते, जेवायला गेलेत, ठेवून जावा. काम झाल्यावर लोक म्हणतात, मिस्त्रीचा हात चांगलाय हो.

मार्चच्या शेवटी प्रेमानंदकाका गिटारचा अँप, म्हणजे अँप्लिफायर, घेऊन दुकानात आला. काका म्हणजे जाईबाईचा धाकटा भाऊ, आणि तिचा गिटारवाला. मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांडीनं वाजवायची गिटार. गायन पार्टीत हार्मोनियम असते, ढोलकी असते, बेंजो असतो, पण मांडीवरची गिटार आमच्या भागात त्याच्या एकट्याकडं. आणि तिला वाजवणारा हा अँप आबांनी स्वतः बनवलेला. सोलापुरात एक टॉकीज बंद पडलं, त्याच्या भंगारातून ट्रान्सफॉर्मर आणला, जुन्या रेडिओंचे व्हॉल्व्ह घातले आणि आंब्याच्या फळीची पेटी केली. चालू केला की व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं. आजच्या लोकांना तेवढा वेळ थांबणं म्हणजे मानहानी वाटते.

काकाची तक्रार साधी होती. अँप घुरघुरतोय, जयंतीच्या आत नीट करून दे. सोलापूरहून एक गायिका येणार आहे, ती मोबाईलवरच्या म्युझिकवर गाते, आणि तिच्या मागं काकानं वाजवायचं आहे. आत्याचं काय, असं मी विचारलं. जाईबाईला मी आत्या म्हणते. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाला की ताईचा आवाज गेलाय, सगळेच म्हणतात.

मी पेटी उघडली. व्हॉल्व्हच्या अँपमध्ये तीनशे व्होल्ट खेळतात आणि वायर काढल्यावरही आतले मोठे कंडेन्सर भरलेले राहतात, म्हणून आधी ते रिकामे केले. एक अर्थिंगची तार सुटली होती. दहा मिनिटांचं काम. घुरघुर गेली. झाकण लावणार तेवढ्यात टोनच्या बटणांच्या मागं काहीतरी चमकलं. नवाकोरा रेझिस्टन्स, त्यावर तीन पट्टे: नारिंगी, नारिंगी, नारिंगी. तेहतीस हजार ओहम. त्याच्या शेजारी दोन नवे कंडेन्सर, वरचं छापलेलं नाव अजून चकचकीत. आबांच्या हातचं एवढं चकचकीत काही नसायचं.

इथं थोडं सांगावं लागेल. बेस, मिड आणि ट्रेबल ही तीन बटणं सगळ्यांनी पाहिलेली असतात. लोकांना वाटतं, बटण फिरवलं की तो आवाज वाढतो. काही वाढत नाही. पहिला व्हॉल्व्ह आवाज वाढवून देतो आणि मग तो आवाज या बटणांच्या मागच्या जाळ्यातून जातो. तीन कंडेन्सर, एक रेझिस्टन्स. हे जाळं फक्त कापतं. कुठं कमी कापतं, कुठं जास्त. बटण फुल्ल केलं म्हणजे कापणं कमी झालं, एवढंच. आपल्या अनुदानासारखं आहे ते. गेल्या वर्षीपेक्षा यंदा कमी कापलं की त्यालाच वाढ म्हणायचं आणि पेढे वाटायचे. आणि ही तिन्ही बटणं भावकीसारखी एकमेकांत गुंतलेली. एकाला हात लावला की बाकी दोघं रुसतात.

या जाळ्याचा एक स्वभाव असा की ते मधल्या सुरांमध्ये खड्डा पाडतं. जाड सूर राहतात, बारीक सूर राहतात, मधले दबतात. खड्डा कुठं पडायचा आणि किती खोल, हे बरंचसं त्या एका रेझिस्टन्सवर असतं. तो मोठा घातला तर खड्डा खोल. लहान घातला तर खड्डा बुजतो आणि गिटारचा मधला आवाज छाती काढून पुढं येतो. आणि माणसाचा गळा राहतो त्याच मधल्या सुरांत.

आबांनी हा अँप बसवला तेव्हा मी जन्मलेही नव्हते, पण ती गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली की मी तिथं होते असं मला वाटतं. जाईआत्याच्या अंगणात प्रेमानंदकाका गिटार घेऊन बसलेला, आबा उघड्या पेटीशी. आबा एक रेझिस्टन्स लावायचे आणि गिटारवाल्याला न विचारता आत्याला विचारायचे, आता? ती एक ओळ गायची आणि सांगायची, भिंत हाय. दुसरा लावायचे. ती म्हणायची, खिडकी झाली, पण मान वाकवावी लागतेय. दुपार गेली, चहा झाला, काकाची बोटं सुजली. शेवटी ती म्हणाली, आता दार हाय, आत-बाहेर करता येतंय. आबांनी तिथं सोल्डर मारला. काका चिडला की गिटार माझी, अँप माझा आणि पसंती हिची. आबा म्हणाले म्हणे, लोक काय तुला ऐकायला येतात का रे?

हे चाळीस वर्षं तो विसरला नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं नाही. नंतर कळलं.

मी काकाला विचारलं की यात हात कुणी घातला. डिसेंबरात एक व्हॉल्व्ह गेला होता, तो रणधीरकडं बदलून घेतला, असं त्यानं सांगितलं. रणधीरनं व्हॉल्व्ह बदललाच, वर फुकटात सुधारणाही केली. इंटरनेटवरून इंग्लंडातल्या कुठल्याशा नावाजलेल्या अँपचा नकाशा काढला आणि आबांचं चुकलेलं सर्किट दुरुस्त केलं. स्टँडर्ड व्हॅल्यू टाकल्या, असं म्हणाला. नकाशात खोट नाही हो. तो अँप ज्यांच्यासाठी केला त्यांच्यासाठी चांगलाच असेल. फक्त ते लोक जाईबाईच्या मागं वाजवत नव्हते.

मग हिशोब जुळला. जानेवारीपासून पार्टीचे तीन कार्यक्रम झाले. तिन्हीत गिटार दणदणीत, आणि आत्याचं तोंड हलताना दिसत होतं. ती ताणून गायली, घसा बसला. लोकांनी ज्येष्ठमध दिला, हळदीचं दूध दिलं, रणधीरनं स्वतःच्या गाडीतून सोलापूरला घशाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाला, घसा ठणठणीत आहे. पण त्यानं गोळी लिहून दिली नाही, म्हणून त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

आता प्रश्न हा की आधी तिथं काय होतं. आबांनी नकाशा काढून ठेवला नव्हता. त्यांचा नकाशा आत्याच्या कानात होता. पण आमच्या धंद्यात एक रीत आहे. बदललेला जुना माल पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. जळालेला असो, फुटलेला असो, त्याचा त्याला परत. नाहीतर गिऱ्हाईक गावभर सांगतं की काही बदललंच नाही, नुसतं फुंकून दिलं. रणधीरसुद्धा ही रीत पाळतो. मी काकाला विचारलं, पुडी कुठंय? त्याला आठवेना. मग म्हणाला, ताईकडं दिली असंल, ती काय बी ठेवती.

रविवारी आम्ही दोघं अँप घेऊन एसटीनं गावी गेलो. जयंती आठ दिवसांवर होती. आत्या ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. माझ्याशी ती हळू बोलली, जणू आवाज उसना आणलाय आणि परत द्यायचाय. ठरावाला तिची संमती घेतली होती. "सही केली म्या," ती म्हणाली. "प्रौढ वर्गात शिकल्याली सही, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कामाला आली बग."

पुडीचं विचारलं तर चष्म्याच्या डब्यातून काढून दिली. श्रीपतीदादाच्या हातचं फेकायचं कसं, म्हणून ठेवली होती. आत एक काळवंडलेला व्हॉल्व्ह, दोन कंडेन्सर आणि एक जाडसर, ढेकळासारखा रेझिस्टन्स. पट्टे तपकिरी, काळा, पिवळा. एक लाख ओहम. मला हसू आलं. इतकं सोपं असतं का?

नसतं. माझ्या डब्यात एक लाखाचा नवा रेझिस्टन्स होता. आबांचे दोन्ही कंडेन्सर मीटरवर तपासले, बरे निघाले, ते परत लावले आणि नारिंगी काढून नवा तपकिरी घातला. काका वाजवू लागला. आत्या गायला तयारच होईना. कशाला चेष्टा, म्हणाली. मी म्हटलं, आबांचं काम तपासायचंय, तुझं नाही. मग तिनं एक ओळ म्हटली, बसूनच, शेंगांचं सूप मांडीवर तसंच ठेवून.

"खिडकी," ती म्हणाली.

चाळीस वर्षांनी तोच शब्द. पण दार होत नव्हतं. मी बटणं फिरवून पाहिली, कंडेन्सर पुन्हा तपासले. मग उगाच, काही सुचेना म्हणून, तो जुना ढेकूळ मीटरला लावला. पट्टे सांगत होते एक लाख. मीटर म्हणालं एक लाख बेचाळीस हजार. जुन्या काळचे कार्बनचे रेझिस्टन्स असेच. ऊन, पाऊस, अँपची धग खाऊन वर्षानुवर्षं चढत जातात. पुस्तकात याला बिघाड म्हणतात, आणि पुस्तकाप्रमाणं तो काढून फेकायला हवा होता.

पण विचार करा. दरवर्षी तो थोडा चढला, दरवर्षी गिटारमधला खड्डा थोडा खोल झाला. आणि दरवर्षी आत्याचा आवाज थोडा बारीक होत गेला. आबांनी एकदा दार करून दिलं होतं. पुढं तिच्या वयाबरोबर ते दार आपलंआपण रुंद होत राहिलं, आणि कुणाला कळलं नाही, कारण सगळं नीट चाललं होतं. नीट चाललेल्या गोष्टीची समिती नसते.

मी नवा काढला आणि आबांचाच जुना परत लावला. काकानं कांडी फिरवली. आत्या गायली. दुसऱ्या ओळीला तिनं सूप बाजूला ठेवलं. चौथ्या ओळीला उभी राहिली. गल्लीतून जाणारी दोन माणसं कुंपणाशी थांबली. आवाज बारीक होता, म्हातारा होता, काठाला थोडा फाटलेला होता, पण त्यातला एकेक शब्द वेगळा ऐकू येत होता.

काकानं कांडी खाली ठेवली. "म्हंजे तुजा गेला नव्हता," तो म्हणाला. "माजा वाढला हुता."

"चार महिने तुला कळलं न्हाय व्हय रे?"

तो गिटारच्या तारा पुसू लागला. "कळत हुतं, ताई. बरं वाटत हुतं."

आत्यानं त्याच्याकडं पाहिलं. रागावली नाही, रडली नाही. सूप परत मांडीवर घेतलं आणि चार शेंगा फोडल्या. मग म्हणाली, पोरगी धाराशिवहून आलीय, तिला चहा टाक. साठी उलटलेला माणूस मुकाट्यानं चुलीकडं गेला आणि साखर विसरलेला चहा घेऊन आला. आम्ही तो तसाच प्यालो.

मी रणधीरला फोन केला. त्याला सगळं समजावून सांगितलं, रेझिस्टन्स, खड्डा, दार. तो शांतपणे ऐकून म्हणाला की मिस्त्री आले की त्यांच्याशी बोलतो. मग म्हणाला, ठराव झालाय, शाल आणलीय, आत्याच्या फोटोचा बॅनर छापलाय आणि त्यावर सेवापूर्ती असं लिहिलंय. छापलेलं खोडता येत नाही. माणूस खोडता येतो.

आत्या फोन ऐकत होती. ती म्हणाली की शाल घेईन मी, का नको? सत्काराला उत्तर द्यायला दोन मिनिटं देतात की.

मग मी अँपचं एक शेवटचं काम केलं. रणधीर स्टेजवर असणार, आणि बटण दिसलं की तो काय करतो हे मला माहीत होतं. मिडचं बटण जिथं आत्याला बरं वाटत होतं तिथं ठेवलं, त्याची किंमत मीटरवर मोजली, तेवढाच रेझिस्टन्स आत कायमचा सोल्डर केला आणि बटणाच्या तारा तोडल्या. बटण जागेवर राहिलं. गोल फिरतं, आकडे दाखवतं, शेवटाला टक्क लागतं. फक्त त्याच्या मागं काही नाही. असे पुष्कळ अध्यक्ष मी पाहिलेत.

जयंतीला संध्याकाळी सात वाजता सत्कार झाला. बॅनरवर आत्याचा फोटो होता, आधारकार्डावरचा. रणधीरनं शाल घातली आणि तिच्या कार्याचा गौरव केला, त्यात दोनदा तिचं नाव चुकलं. सोलापूरची गायिका बाजूला मोबाईल घेऊन तयार बसली होती. आत्याला माईक दिला. ती म्हणाली की मला बोलता येत नाही. एवढं बोलून तिनं प्रेमानंदकाकाकडं मान वळवली, आणि काकानं गाण्याची सुरुवात वाजवली. तिच्याच गाण्याची. हळू, मागं राहून. माणूस चाळीस वर्षं ज्या गोष्टीवर चिडला होता ती त्यानं त्या संध्याकाळी स्वतःहून केली.

पहिलं कडवं झालं तेव्हा मागच्या बाया बसल्या जागी पुढं सरकल्या. रणधीरला काहीतरी करणं भाग होतं. तो स्टेजवर आला, अँपसमोर वाकला आणि तिन्ही बटणं फुल्ल केली. बेस फुल्ल झाला, ट्रेबल फुल्ल झाला, म्हणजे दोन्ही काठ उंच झाले आणि मधला खड्डा होता त्याहून खोल वाटायला लागला. मिडचं बटण टक्क करून शेवटाला लागलं. दार होतं त्याची वेस झाली. आत्याचा आवाज सरळ शेवटच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांपर्यंत गेला.

दोन मिनिटांची सात गाणी झाली. सोलापूरच्या बाईनं तिसऱ्या गाण्याला मोबाईल पर्समध्ये टाकला आणि टाळी धरली. तिचं गाणं ऐकायचं राहूनच गेलं, आणि सगळ्या गावात शहाणी तीच निघाली.

शेवटी रणधीरनं माईक घेतला. जाईबाईंचा आवाज परत आला आहे, असं जाहीर केलं. ही एक टेक्निकल गोष्ट असते, मी वेळेवर मिड वाढवला म्हणून गळा उघडला, असं त्यानं गावाला समजावलं. गावानं टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षीही जाईबाईच गाणार, असा ठराव तिथंच झाला. एकमतानं. मी तोंड उघडणार होते, पण आत्यानं माझा हात दाबला. ठराव झालाय ना, मग झालं, म्हणाली. तिनं शाल काढली, चार घड्या घातल्या आणि अँपवर झाकली. जुनं फडकं फाटलंच होतं.

जाताना मी रणधीरला एक पुडी दिली. त्यात त्याचे दोन कंडेन्सर आणि तो रेझिस्टन्स, तीन नारिंगी पट्ट्यांचा. बदललेला माल परत द्यायची रीत आहे, म्हणाले. त्यानं पुडी उघडूनही बघितली नाही, खिशात टाकली.

पुढच्या आठवड्यात तो धाराशिवला दुकानात आला. पहिल्यांदाच मिस्त्री कुठं आहेत असं विचारलं नाही. मिक्सर काउंटरवर ठेवला आणि आवाज खाली करून म्हणाला, "पौर्णिमाताई, त्या अँपला हाय तसलं मिडचं बटण ह्याला बी बसवून द्या. लई भारी काम करतंय."

दिलं बसवून. छान गोल फिरतं.